एका घरातली दोन ऑपरेशनं

तिसऱ्या मुलीच्या वेळी गोदू मरता मरता वाचली. पालेगावातून टेम्पोत घालून तिला उल्हासनगरला नेलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, हिरामणला, बाजूला घेऊन सांगितलं, आता चौथं नको.

सांगणं सोपं होतं. घरात सासू होती, इंदुबाई, आणि तिला नातू हवा होता. गोदूने तांबी बसवून घेतली, तर महिना महिना अंगावरून जाऊ लागलं. ती काढावी लागली. गोळ्या आणल्या, तर पाकीट सासूच्या हाती लागलं आणि चुलीत गेलं. शेवटी हिरामण स्वतःच म्हणाला, मी ऑपरेशन करून घेतो. आनंदनगरच्या कारखान्यात त्याच्या पाळीतल्या एकाने करून घेतलं होतं, आणि तो गडी पहिल्यासारखीच पिंपं उचलत होता.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर हिरामण परस्पर जाऊन आला. आईला सांगितलं, कमरेत उसण भरली. नसबंदीचं नाव काढलं की गावात हसू पिकायचं. आणीबाणीत धरून नेलेल्या म्हाताऱ्यांची अजून चेष्टा चालायची. तरी हा गेला. आपल्यासारखा नवरा गावात कोणाला नाही, असं गोदूला वाटलं, आणि तिने आठ दिवस त्याला जड काही उचलू दिलं नाही.

नर्सबाईंनी, सुनेत्राबाईंनी, त्याला बजावलं होतं, तीन महिने निरोध वापरा, मग तपासणीला या, तोवर भरवसा धरू नका. हे त्याने गोदूला सांगितलंच नाही. पाकिटं घरात आणायची लाज वाटली म्हणून ती कारखान्यातल्या कपाटात ठेवली. तपासणीला बाटलीत काय भरून द्यायचं ते कळल्यावर तर तो तिकडे फिरकलाच नाही.

होळीच्या सुमारास गोदूच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. तिला वाटलं, हे ऐकून तो तिच्या जिवाच्या काळजीने घाबरेल. तिने त्याला सांगितलं.

"कोणाचं?" त्याने विचारलं.

गोदूला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिने धाकट्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तो तसाच उठला, ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या आईकडे गेला आणि म्हणाला, माझं ऑपरेशन झालंय, हे माझं नाय. इतके दिवस आईपासून दडवलेली गोष्ट त्याने एका दमात सांगून टाकली, ती बायकोला खोटं पाडायला.

इंदुबाई मुलाला काही बोलली नाही. सुनेचं ताट मात्र वेगळं झालं. गोदूच्या भावाला बोलावणं गेलं. तो आला, आणि त्यानेही बहिणीकडे बघायचं टाळलं. पाणवठ्यावर बायका तिला आधी भरू द्यायच्या, म्हणजे ती लवकर निघून जाईल.

गोदू स्वतःच चालत नर्सबाईंकडे गेली आणि त्यांना घरी घेऊन आली. सुनेत्राबाईंनी सासूच्या देखत हिरामणला विचारलं, तीन महिने थांबायला सांगितलं होतं की नाही? तो मान खाली घालून म्हणाला, सांगितलं होतं. तोवर चौथा महिना सरला होता आणि गोदूच्या अंगात रक्त नव्हतं. पाडायला डॉक्टरीणबाई तयार होईनात.

"गावात जाऊन सांगा," गोदू त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली. "चूक तुमची होती म्हणून सांगा."

"कशाला उकरून काढायचं? लोक विसरतील."

भाद्रपदात मुलगा झाला. गोदूला पुन्हा रक्त चढवावं लागलं. इंदुबाई दोन दिवस दवाखान्याची पायरी चढली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पोराचं नाक, हनुवटी निरखून बघितली आणि त्याला उचलून मांडीवर घेतलं. अगदी माझा हिरामण, म्हणाली. घरी जाऊन तिने पालेगावात दारोदार पेढे वाटले. ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली होती, त्यांनी ते खाल्ले. गोदूपाशी येऊन कोणी चुकलो म्हणालं नाही.

दवाखान्यातून सोडायच्या आधी तिने सुनेत्राबाईंना गाठलं. माझंही ऑपरेशन करा, म्हणाली. त्यांनी समजावलं, हिरामणने शेवटी तपासणी करून घेतली, ती साफ आलीय, काही धोका नाही. आणि तू आधीच एवढी अशक्त, आता कशाला पोट फाडून घेतेस?

"धोका पोराचा नाय, बाई," गोदू म्हणाली. "उद्या परत काय झालं, तर मना कोणापुढं शपथ घ्यायची नाय."

अंगात जोर आल्यावर करू, असं सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. कागदावर नवऱ्याची सही लागत होती. हिरामणने कागद दोनदा वाचला.

"आता हे कशाला?" तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास नाय?"

 गोदू पेन त्याच्यापुढे धरून उभी राहिली. शेवटी त्याने सही केली.