खोक्यावरचा वेग

"सात हजार म्हणे! बैलगाडी बरी हिच्यापेक्षा."

दशरथराव स्क्रीनच्या इतक्या जवळ तोंड नेऊन पुटपुटले की काचेवर वाफ धरली. शेजारी मटार सोलत बसलेल्या चंपाबाईंनी मान वर केली नाही. आठवडाभर घरात हेच पारायण चाललं होतं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर दशरथरावांनी एक काम अंगावर घेतलं होतं. कात्रजला त्यांच्या वस्तीतलं बुद्धविहार कसं उभं राहिलं, ते उभारणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याच तोंडून टिपायचं, त्याची फिल्म करायची आणि वर्धापनदिनाला पडद्यावर दाखवायची. वर्धापनदिन आला रविवारवर आणि फिल्म बसली अडून. डोक्यावरून विटा कशा वाहिल्या ते शेजारच्या म्हाताऱ्या मुक्ताई सांगायच्या, तर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, जशा काही त्या खडकवासल्याहून बोलतायत. म्हणून दशरथरावांनी नवी एसएसडी, म्हणजे जलद चालणारी डिस्क, आणली. खोक्यावर ठळक छापलेलं, सेकंदाला सात हजार एमबी. घरी लावली तर ती हजारही गाठेना, आणि मोठी फाइल दिली की धाप लागून आणखी खाली.

"फसवलं त्या दुकानदारानं," दशरथराव म्हणाले.

"हो ना बाबा, डिस्कच खराब दिसतेय," दारातून धम्मदीप म्हणाला.

दोघंही खोटं बोलत होते आणि चंपाबाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

गोम अशी की हा कॉम्प्युटर धम्मदीपनं पहिल्या पगारातून, एकेक भाग जमवून, याच टेबलावर जोडला होता. घरी चहाला आलेला माणूस "आमच्या मुलानं स्वतः बनवलाय" हे ऐकल्याशिवाय परत जात नसे. आता त्या कॉम्प्युटरचं वय झालं होतं. दशरथरावांनी स्वयंपाकघरात येऊन, नळ सोडून, हळूच सांगितलं होतं, "मशीनच जुनं झालंय गं. पण पोराला कुठल्या तोंडानं म्हणू?" दुसऱ्याच दिवशी धम्मदीपनं स्कूटरवर मागे न बघता सांगितलं, "आई, मशीनच दमलंय. पण बाबा रोज किती मायेनं पुसतात ते!" सून पूर्वा कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. जेवताना तिनं एकदा "बाबा, खरं तर..." अशी सुरुवात केली होती. टेबलाखाली नवऱ्यानं तिच्या पायावर पाय दिला आणि तिनं चटणी मागितली.

चंपाबाईंची टपालपेटी झाली होती. दोन्हीकडची पत्रं पडत होती, पुढे एकही जात नव्हतं. मनातून त्यांना बरंही वाटत होतं. एकमेकांना इतकं जपणारे बापलेक पुण्यात दुसरे कुठे असतील?

शुक्रवारी दोघं बापलेक डिस्क घेऊन तपकीर गल्लीतल्या त्या दुकानदाराशी भांडायला निघाले. मंडई जवळच, म्हणून चंपाबाईही गेल्या. मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्या दुकानात पोचल्या तेव्हा दुकानदार जयसिंग डिस्क आपल्या मशीनला जोडत होता. पडद्यावरचा आकडा सर्रकन वर गेला.

"बघा काका, साडेसहा हजार."

"खोक्यावर सात आहे."

"खोक्यावर 'पर्यंत' लिहिलंय, काका. आणि हेही सुरुवातीचं. मोठी फाइल टाकली की माझ्याकडेसुद्धा दमते."

"मग छापायचं कशाला?"

"आता लग्न जमवताना काकूंना तुमच्याबद्दल काय सांगितलं होतं?"

"मितभाषी," चंपाबाई पटकन म्हणून गेल्या.

जयसिंग हसला, धम्मदीप हसला, दशरथरावही मिशीतल्या मिशीत हसले. वातावरण निवळलं म्हणेपर्यंत जयसिंगनं विचारलं, "घरी मशीन कोणतं आहे? बोर्ड जुना असेल तर ही कितीही पळो, रस्ताच अरुंद. आणि फिल्म अडकते ती प्रोसेसरमुळे. दोन्ही नवीन टाका, आज संध्याकाळपर्यंत जोडून देतो."

दशरथरावांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. धम्मदीप बंद मोबाइलमध्ये काहीतरी वाचू लागला.

"मशीन उत्तम आहे," दशरथराव म्हणाले.

"एकदम," धम्मदीप म्हणाला. "तुम्ही डिस्कच बदलून द्या."

"दुसरीही अशीच चालेल हो तुमच्याकडे."

"मग राहू दे." दशरथरावांनी डिस्क खोक्यात ठेवून झाकण लावलं. "फिल्म पुढच्या वर्षी दाखवू."

मुक्ताईंनी पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. रोज सकाळी दारातून हाक यायची, "रविवारीच ना गं चंपा?" आता नजर अधू झाली होती, दोन पायऱ्या चढायलाही हात द्यावा लागायचा. पुढच्या वर्षी म्हणे!

त्यांनी मेथीची पिशवी काउंटरवर, बरोबर त्या खोक्यावर ठेवली.

"अहो, डिस्क चांगली आहे आणि हा दुकानदारही चांगला आहे. आपला कॉम्प्युटर म्हातारा झालाय. हे तुम्हालाही माहितेय आणि ह्यालाही. दोघंही मला वेगवेगळं गाठून सांगून मोकळे झालात. आता संध्याकाळपर्यंत नवे भाग बसवून घ्या, रविवारी मुक्ताईंना फिल्म दिसलीच पाहिजे."