वासरांची जागा

"हात लाव," रिआ म्हणाली.

सगळं शेत दवानं पांढरं झालं होतं. फक्त त्या एका जागी गवत कोरडं होतं, दबलेलं, परातीपेक्षा जरासं मोठं. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. गवत गरम होतं.

"कुत्रा बसला असेल."

"वासरू," रिआ म्हणाली आणि त्या जागेला वळसा घालून पुढे गेली.

त्या शेतात तीन वर्षं जनावर नव्हतं.

रिआ आमची घरमालकीण. टिलबर्ग या डच शहराच्या बाहेर, तिच्या रिकाम्या गोठ्यामागच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा मनोहर राहायचो. मनोहर सायकलवर टांग टाकून ऑफिसला गेला की त्या सात एकरांवर उरायचो मी आणि सत्तरीची रिआ. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं चाळीस वर्षं दुधाच्या गाई पाळल्या. नवरा गेल्यावर तिनं त्या विकल्या. दुधाच्या धंद्यात वासरू जन्मलं की त्याच दिवशी आईपासून काढतात, हे मला तिनंच सांगितलं. गोऱ्हे तर थोड्याच दिवसांत ट्रकमधून जायचे. त्यातल्या एकाचाही पाय या गवताला लागला नव्हता. आता ते येऊन बसतात, असं ती बटाटे सोलता सोलता सांगायची.

"अगं, हरणं येतात इकडे," मनोहर म्हणाला. "तू कशाला म्हातारीच्या नादी लागतेस?"

म्हातारीचा मुलगा वीम त्याहून व्यवहारी. वसंतात शेतात गुरं दिसली नाहीत तर जमीन घरं बांधणाऱ्यांना द्यायची, असं त्यानं बजावलं होतं. तो गेल्यावर रिआ मला म्हणाली, "इथे घरं झाली तर ती वासरं कुठे बसतील?"

धारा काढायचं तिचं वय उरलं नव्हतं. मग मांसासाठी गुरं पाळायची ठरली आणि जात निवडायला वीमबरोबर ती मलाही घेऊन गेली. "तू इंडियाची. तुला गाई कळतात." माझी गाईशी ओळख दुधाच्या पिशवीपुरती होती, पण मी मान डोलावली.

वीमला बेल्जियन ब्लू हवी होती. मांसाचा डोंगरच तो. पण तिची वासरं बहुतेक पोट कापूनच काढावी लागतात, असं पहिल्या गोठ्याच्या मालकानं सांगितलं तेव्हा रिआ तडक बाहेर आली. दुसऱ्या ठिकाणच्या लिमुझिन गाई आम्हाला बघूनच उधळल्या. तिसऱ्या कुरणात धुकं होतं. त्या धुक्यात पांढरी कापडं तरंगत होती, नुसती, वाळत घातल्यासारखी. एक कापड आमच्याकडे यायला लागलं आणि मी रिआचा दंड धरला. जवळ आल्यावर त्याला पुढून-मागून काळं अंग फुटलं. लाकनफेल्डर, पोटाभोवती पांढऱ्या पट्ट्याची गाय. बुटकी, गरीब, नुसत्या गवतावर राहणारी, आपली आपण विणारी. तिच्या मागोमाग तिचं वासरू होतं.

"वासरू आईजवळच राहतं?" रिआनं विचारलं.

"आठ महिने. मग खाटकाकडे."

"हीच घ्या," मी म्हणाले. वीमनं कपाळाला हात लावला. मांस कमी पडणार होतं.

मार्चच्या सुरुवातीला गाभण म्हणून दोन गाई आल्या. एक भाकड निघाली, दुसरीला आल्या आल्या गोऱ्हा झाला. तो आईच्या पोटाशी बसायचा. दवातल्या त्या जागा दिसेनाशा झाल्या. रिआ गाणं गुणगुणायला लागली आणि मीही हरणांवर विश्वास ठेवायला लागले.

ऑक्टोबर संपत आला. पुण्याला फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "आज वसुबारस. तिकडे कुठली गं सवत्स धेनू मिळायला?" मी ऐटीत सांगितलं, दाराशी आहे! ताट घेऊन गेले. गाईला हळदकुंकू लावलं, गोऱ्ह्याच्या कपाळावर चांगला मळवट भरला.

"यात मागतात काय?" रिआनं विचारलं.

"आया मागतात. मुलांना आयुष्य मिळू दे म्हणून."

रिआनं गोऱ्ह्याच्या कानामागे खाजवलं. "ट्रक उद्या येतोय," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. आठ महिने झाले हे मी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाला अडला. जखमी जनावर नेणार नाही म्हणाला. लाल कपाळाकडे बघून रिआचा चेहरा क्षणभर उजळला. तेवढ्यात वीमचा आवाज आला, "आई, पुसून टाक." गोऱ्ह्याचे पैसे आले नाहीत तर गुरं परवडणार नव्हती आणि जमीन जाणार होती. रिआनं ॲप्रनचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि कपाळ पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. ट्रक गेला. गाय एकदाही हंबरली नाही. मला वाटलं होतं ती हंबरेल, आणि ती हंबरली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिआनं माझं दार वाजवलं. धुक्यात ते पांढरं कापड खाली बसलेलं होतं. जवळ गेलो. गाय शांतपणे जीभ फिरवत होती, समोरच्या गवतावर. दव नसलेली लहानशी जागा होती ती, पोटाशी लागून. तिच्या एका टोकाला गवताच्या पात्यांवर कुंकू होतं.

मी रडायला लागले. रिआ गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्या जागेवर हात ठेवला, बराच वेळ.

"पुढच्या वर्षीही कुंकू लाव," ती म्हणाली. "बाकीच्यांतला कोण कुठला, मला कधीच ओळखता आलं नाही."

मग ती उठली आणि कुंपणाकडे परत निघाली. रिकाम्या शेतातून ती सरळ गेली नाही, वळसे घेत घेत, पाऊल जपून टाकत गेली.