हॅदरशॉच्या मैदानावरची दहा मिनिटांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. बीचच्या लाकडाची, सरळ पाठीची. माझ्या पाठीमागे एक अरुंद कप्पा आहे. त्यात पूर्वी प्रार्थनेची पुस्तकं ठेवत असत, कारण मित्रांनो, माझी पहिली साठ वर्षं हॅदरशॉ गावच्या प्रार्थनाघरात गेली. तिथे माझ्यासारख्याच दोनशे बहिणी होत्या. मग गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली, प्रार्थनाघराला कुलूप लागलं. बहिणी कुठे कुठे गेल्या, कोण जाणे. मला गावच्या रग्बी क्लबाने नेलं.

त्या सुमारास त्यांच्या खेळात नवा नियम आला होता. नियम मोडणाऱ्या खेळाडूला पंच दहा मिनिटं मैदानाबाहेर बसवू शकत. तेवढा वेळ त्याच्या संघाने तेराऐवजी बारा जणांनी खेळायचं. मग बसवायला जागा हवी, म्हणून रेषेच्या बाहेर मला मांडलं. लोक मला ‘पापाची खुर्ची’ म्हणू लागले. प्रार्थनाघरातून आलेली आणि नाव पापाचं, यावर गाव बरेच दिवस हसलं.

माझ्या शेजारी घड्याळ घेऊन हिल्डा क्रॅबट्री उभ्या असत. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षं काढलेली, त्यामुळे गावातला प्रत्येक खेळाडू त्यांच्या हातचं जेवून मोठा झालेला. सगळे त्यांना हिल्डाबाई म्हणत. माझ्या कप्प्यात त्यांची पेन्सिल आणि पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. धिप्पाड गडी शिव्या देत येई आणि माझ्यावर धाडकन बसे. हिल्डाबाई त्याच्या हातावर गोळी ठेवून म्हणत, “चघळ. तोंड तेवढंच बंद राहील.”

किती जण बसले माझ्यावर! बहुतेकांना आपण काय केलं ते ठाऊक असे. बसलेल्या माणसाच्या अंगावरून मला ते कळायचं. अपराधी माणूस पाय पसरून बसतो.

एक माणूस माझ्यावर कधीच बसला नव्हता. क्लाइव्ह ओल्डरॉइड. डोंगरउतारावर दगडावर दगड रचून कुंपणाच्या भिंती बांधणं हा त्याचा धंदा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगड. बोलायचा कमी. एकोणीस वर्षं तो हॅदरशॉकडून खेळला, पण एकदाही त्याला बाहेर काढलं नव्हतं. सामन्याआधी तो माझ्या पाठीवर हात ठेवून हिल्डाबाईंना म्हणायचा, “हिल्डाबाई, हिला सांगा, आजही वाट बघू नकोस.”

छत्तिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडायचं ठरवलं. शेवटचा सामना म्हणजे खोऱ्याच्या चषकाची अंतिम लढत, आणि तीही आमच्याच मैदानावर. पंच होते नेव्हिल सगडन. कडक माणूस, पण सरळ.

मित्रांनो, या खेळात पकडलेला खेळाडू खाली पडला की पकडणाऱ्याने त्याला लगेच सोडायचं असतं. त्याच्या अंगावर पडून राहिलं, तर खेळ रेंगाळतो आणि बचाव करणाऱ्यांना सावरायला वेळ मिळतो. आमच्या डॅरेन ब्लेकीला ही युक्ती फार आवडायची. चपळ, देखणा, गावाचा लाडका पोरगा. त्या दिवशी तो तीन वेळा असा पडून राहिला. चौथ्यांदा दुसऱ्या एकाने तेच केलं. समोरच्या संघानेही दोनदा केलं होतं, पण त्यांचं मोजण्याइतकं झालं नव्हतं.

सगडनसाहेबांनी आमच्या कप्तानाला बोलावलं. ते माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते, म्हणून शब्द न् शब्द मला ऐकू आला.

“हा इशारा तुला एकट्याला नाही, सगळ्या संघाला आहे. आता यापुढे जो कोणी पडून राहील, तो दहा मिनिटं बाहेर. मग तो कोण आहे, ते मी बघणार नाही.”

कप्तानाने मान हलवली. डॅरेन मागे वाकून बुटाची नाडी बांधत होता.

आम्ही चार गुणांनी पुढे होतो. खेळ संपायला वीसेक मिनिटं होती. समोरचा एक दांडगा गडी आमच्या रेषेकडे धावत आला. क्लाइव्हने त्याला पकडलं आणि दोघं खाली आदळले. तो गडी उठायला धडपडत होता, पण क्लाइव्ह त्याच्यावरून हलेना. एक क्षण गेला. दोन गेले. शिट्टी वाजली.

सगडनसाहेबांनी दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली. मग कठड्यापाशी उभ्या प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “क्लाइव्ह! अरे, म्हातारपणी डुलकी लागली काय?”

तो आला. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला. माझ्यावर बसला, तो अगदी काठावर, अंग चोरून. त्याचं अंग थरथरत होतं. ती थरथर माझ्या चारही पायांतून जमिनीत उतरत होती.

हिल्डाबाईंनी गोळी पुढे केली. त्याने ती डाव्या हाताने घेतली. त्यांनी खाली वाकून पाहिलं.

“क्लाइव्ह, खांदा निखळलाय तुझा!”

“हळू बोला.”

“म्हणजे तू पडून नव्हतास राहिलास. तुला उठताच येत नव्हतं!”

“हात खाली अडकला होता. हलवला की डोळ्यांपुढे अंधारी येत होती.”

“मग बोलायचं नाहीस? थांब, मी डॉक्टरला हाक मारते.”

“हिल्डाबाई, नको.” त्याचा आवाज शाळकरी पोरासारखा झाला. “डॉक्टर मला परत जाऊ देणार नाही. एकोणीस वर्षं खेळलो. देवा, शेवट या खुर्चीवर नको करायला लावू मला… तुम्ही फक्त दहा मिनिटं मोजा.”

हिल्डाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्यांनी डॉक्टरला हाक मारली नाही. क्लाइव्हने माझ्या पाठीच्या दांडीत उजवा हात अडकवून ओढ दिली. कट्‌ असा आवाज झाला आणि खांदा जागेवर बसला. त्याने सदऱ्याची कॉलर दातांत धरली होती, म्हणून दुसरा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

त्या दहा मिनिटांत त्याच्या मोकळ्या जागेतून समोरच्यांनी दोनदा चेंडू आमच्या रेषेपार नेला. दोन्ही वेळा तो खाली बघत होता.

“जा,” हिल्डाबाई म्हणाल्या. तो गेला. आणि त्या खांद्यावर त्याने आणखी तीन जणांना अडवलं. डॅरेनने शेवटी सुंदर धाव घेऊन गुण मिळवले, पण आम्ही चार गुणांनी हरलो. वर्तमानपत्रात डॅरेनचा फोटो आला. क्लाइव्हबद्दल एकच ओळ होती: अनुभवी खेळाडूची महागात पडलेली चूक.

खांदा पुन्हा धड झाला नाही. त्यातली कसलीशी नस दुखावली होती. आता त्याला दगड उचलता येईना. अर्धवट राहिलेली भिंत दुसऱ्याने पुरी केली.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो आला आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. कठड्यावरचे लोक त्याला बघून कुजबुजले. कुणी त्याच्याजवळ आलं नाही. सामना संपल्यावर वेळेचा कागद घ्यायला सगडनसाहेब आले. त्यांनी क्लाइव्हचा खिशात ठेवलेला लुळा हात पाहिला.

“हाताला काय झालं?”

क्लाइव्हने मैदानाकडे तोंड वळवलं. हिल्डाबाईंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. “मी डॉक्टरला बोलवायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “पण साहेब, दोघांनी खाल्लं आणि ताटं याने घासली, हा कुठला न्याय?”

सगडनसाहेब माझ्यावर बसले. मी मैदानावर आल्यापासून, कुणी बाहेर न काढता माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस.

“इशारा देऊन मी गप्प बसलो असतो, तर पुढच्या इशाऱ्याला कोण भीक घालणार होतं?” ते हळूच म्हणाले. “मला वाटलं, तू मुद्दाम पडून राहिलास.”

“वाटणारच,” क्लाइव्ह म्हणाला. “साहेब, शिट्टी तुमची नियमाला धरूनच होती. माझा राग नियमावर नाही. तुम्ही फक्त एकदा विचारायला हवं होतं, की बाबा, उठता येतंय का?”

हिल्डाबाई डोळे पुसत उभ्या होत्या. क्लाइव्हने डाव्या हाताने टोपी नीट केली आणि तो फाटकाकडे चालू लागला. त्याच महिन्यात तो समुद्रकाठच्या गावी, मुलीकडे राहायला गेला. त्याला निरोप द्यायचं क्लबाने ठरवलं होतं, तो समारंभ कधी झालाच नाही. डॅरेनने त्याला पत्र लिहायला घेतलं होतं म्हणे. पाठवलं की नाही, मला माहीत नाही.

सगडनसाहेबांनी आणखी चार वर्षं शिट्टी वाजवली. इशारे दिले, माणसंही बाहेर काढली. पण आधी खाली वाकून विचारायचे, “उठता येतंय का?” कठड्यावरून लोक ओरडत, “नर्सबाई, पट्टी आणा!” ते ऐकलं न ऐकलंसं करत.

आता क्लबाने प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या आहेत आणि वेळ भिंतीवरच्या पाटीवर दिसते. हिल्डाबाई गेल्या. मी रंगाच्या डब्यांमागे पडून आहे. माझा एक पाय निखळला आहे, आणि तो बसवायला कुणाला सवड नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. लाकडाचं काय, जळणातही जाईल.

पण मित्रांनो, तुमच्याही वर्गात, तुमच्याही मैदानावर कधीतरी सगळ्यांना मिळून ताकीद मिळेल, आणि तिचं खापर एकाच्याच माथी फुटेल. तेव्हा ज्यांच्यामुळे ताकीद मिळाली त्यांनी बुटाची नाडी बांधत बसू नये. पुढे व्हावं. आणि बाकीच्यांनी, जो बसला आहे त्याच्याकडे नीट बघावं. क्लाइव्ह दहा मिनिटं माझ्यावर थरथरत होता. मला ते सारं कळत होतं. मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

तुम्हाला आहे.