दाराशी सुंदराबाई

सुंदराबाईंनी सईच्या हातातली शेकाची पिशवी हिसकावली आणि कळा सोसणाऱ्या सुनेच्या कमरेला स्वतःच लावली.

"डाक्टर कंय हाय?"

"वरच्या मजल्यावर," सई म्हणाली. "काही बिघडलंच तर लगेच बोलवीन. नीट चाललेलं बाळंतपण मीच करते, आजी. त्याचंच शिक्षण घेतलंय."

"आजी तुज्या घरी! नर्सनं सुई टोचावी, पट्टी बांधावी." सुंदराबाईंनी दाराबाहेर तोंड काढलं. "हितेश! डाक्टरला आन. नायतर उचल बायकोला, नेरूळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ."

आईपुढे तोंड उघडायची हितेशची कधीच छाती झाली नव्हती. तो जिन्याकडे धावला.

रंजिताने सईचं मनगट घट्ट धरलं. पहिल्या तपासणीपासून तिला हीच हवी होती. कळ ओसरली तशी धापा टाकत ती म्हणाली,

"आई, आमचं लगीन कोनी लावलं?"

"मी. आनखी कोन लावनार? पावणे गावापासून करंजाड्यापर्यंत मनाच बोलावतात."

"भटजी कुठं होता?"

सुंदराबाईंनी पदर उगाचच खोचला. आगऱ्यांच्या मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन भटजीच्या जागी विधी लावते ती धवलारीण. त्या लग्नात एका शहाण्या पाहुण्याने भटजींची चौकशी केली होती, आणि सुंदराबाईंनी त्याला असं झापलं होतं की बिचारा जेवायलाही थांबला नाही.

"लगनाचं येगलं," त्या पुटपुटल्या. "माज्या मावशीच्या मागं बसून शिकले मी. उगाच नाय उभी ऱ्हायले."

सईने रंजिताच्या पोटावर यंत्र टेकवलं. बाळाचे ठोके खोलीभर भराभर वाजू लागले. सुंदराबाईंची बोटं सुनेच्या कमरेवर त्याच ठेक्यात चालू लागली, आणि नकळत ओठांतून धवला निघाला.

"थांबू नका," सई म्हणाली. "कळ आली की आवाज चढवा."

सुंदराबाईंनी चढवला. रंजिता कण्हता कण्हता हसली.

तेवढ्यात दार वाजलं. हितेशमागे डॉक्टर धापा टाकत उभे होते. सुंदराबाईंनी दार वीतभर उघडून हात आडवा धरला.

"कोन पायजे?"

"पेशंटला काय झालं?"

"हितं पेशंट कोन नाय. बाळंतीन हाय, आनि तिची सुईन तिच्याजवल हाय. हितेश, सायबांना चाय पाज."

दार लागलं. आतला धवला एक पट्टी वर चढला.