आधी कप्पा, मग नावे

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. या रुग्णालयातल्या प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि परवलीचा शब्द माझ्याकडे असतो. डॉक्टर असोत की दारावरचे मामा, संगणक उघडला की मी विचारतो, "तू कोण?" संशय हीच माझी नोकरी.

मला बसवणारे साहेब त्या शेवटच्या दिवशीही रोजच्यासारखेच स्वेटर घालून माझ्या थंड खोलीत आले. त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली होती. कामावर ती त्यांना 'सर' म्हणे, ते तिला 'मॅडम'. त्या दिवशी त्यांनी आपल्या विभागाच्या नावांचा कप्पा दुसरीकडे हलवला. त्यासाठी 'चुकून पुसू नये' ही खूण काढावी लागते.

"सर, खूण लावायची राहिली."

"चहा घेऊन लावतो, मॅडम. कप्पा काय पळून जातोय?"

चहाबरोबर फोन आला, मग दुसरा. खूण राहिली. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. झोपेतच गेले, असे कुणी सांगत होते.

मुलगी कामावर परतली तेव्हा नवे प्रमुख म्हणाले, "नियम आहे. सरांचं खातं काढून टाका."

तिने कप्पा उघडला. नाव दिसू नये म्हणून नजर बाजूला केली आणि कळ दाबली. मी विचारले, "नक्की?" तिने न वाचताच होकार दिला. निवड नावाची नव्हे, कप्प्याची झाली होती. खूण असती तर मी हटून बसलो असतो. सगळा विभाग पुसला गेला, तिच्या स्वतःच्या नावासकट.

मला वाटले, मुद्दाम केले. प्रमुखांनाही तेच वाटले.

"राग काढलात का आमच्यावर?"

"नाही. हात चुकला."

"आणि खूण? ती कुणी काढली?"

तिला माहीत होते. मलाही. मी कान टवकारले. आता ही बापावर ढकलणार!

"ती बघणं माझं काम होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या वाक्यानंतर मला तिच्यावर संशय घेता येईना.

पुसलेले काही काळ जपून ठेवणारी पेटी साहेबांनी माझ्यात पूर्वीच सुरू केली होती. ती नसती तर नावांची नुसती टरफले उरली असती, आतला हुद्दा आणि परवलीचा शब्द गेलेली. दुरुस्तीची वेगळी किल्ली वापरून मुलगी आत आली आणि घाईने नावे परत आणू लागली. मी नकार दिला. घरच नाही, तर माणसे ठेवू कुठे?

ती थांबली. "आधी कप्पा, मॅडम, मग नावं," साहेबांचे शब्द ती पुटपुटली.

कप्पा आला. मग एकेक नाव आले. शेवटी तिचे. त्यापुढच्या 'वरिष्ठ' या रकान्यात साहेब पुन्हा हजर होते. तिने लगेच कप्प्याला खूण लावली.

मित्रांनो, होकार देण्याआधी वाचत जा. चहा जरा थांबतो.

नियम मात्र उरलाच होता. तिने आता फक्त एकच नाव निवडले. मी विचारले, "नक्की?" या वेळी तिने ते नाव पूर्ण वाचले. प्रमुख शेजारीच उभे होते. तरी ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुमच्या हाताखाली काम करायला मला फार आवडायचं."