एका कोयत्यात किती माणसं

मी ऊस तोडायचा कोयता बोलतोय. आमच्या बीडकडे माझं नाव दोघांना मिळून लावतात, हे आधीच सांगतो. कोयता म्हणजे लोखंडाचा मी, आणि कोयता म्हणजे तोडणीला जाणारी नवराबायकोची जोडी. मुकादम साखर कारखान्यावर सांगतो, "वीस कोयते आणलेत," तेव्हा त्याच्यामागे चाळीस माणसं उभी असतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. लेकरांना काहीच म्हणत नाहीत.

माझा जन्म चौसाळ्याला रस्त्याच्या कडेला झाला. आधी मी एका जुन्या ट्रकच्या कमानीचा पाटा होतो. घिसाड्याने मला भट्टीत लाल केलं आणि त्याच्या बायकोने घणाने ठोकून आकार दिला. मला घ्यायला नेकनूरकडच्या एका वस्तीवरून बन्सी आणि मनकर्णा आले होते. मनकर्णाने मला हातात तोलून पाहिलं आणि मूठ जाड आहे, म्हणाली.

बन्सी हसला. "तुला कावून पाहिजे बारीक? तोडणार मी हाय."

"आन् तुमी दमल्यावर कुणाच्या हातात देता, ते बी सांगा की घिसाड्याला."

घिसाड्याची बायको एवढी हसली की तिने घण खाली ठेवला. मग माझी बाभळीची मूठ तासून बारीक केली.

पावसाळाभर मी वळचणीला खोचलेला असायचो. मला गंज चढायचा, पण तेच दिवस घराचे सुखाचे. बन्सीची पोरगी सुजाता अंगणात बसून मोठ्याने धडे वाचायची आणि धाकटा म्हाळू तिची नक्कल करायचा. दिवाळी झाली की माझा गंज दगडावर घासला जायचा, घराला कुलूप लागायचं आणि सगळे ट्रकमध्ये चढायचे. मग सुजाताची शाळा उन्हाळ्यापर्यंत बंद. दरवर्षी तिच्या पुस्तकाची पुढची अर्धी पानं मळलेली आणि मागची कोरी राहायची.

पूर्वी त्या वस्तीवरून थोडीच घरं जायची. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, विहिरींचे तळ दिसले आणि कोयते दुप्पट झाले. तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. आता आकडा खाली येईल, असं सगळ्यांना वाटलं. तो आला नाही. जनावरं विकली गेली होती, आणि जो एकदा जाऊन आला होता तो पुढच्या वर्षी मेव्हण्याला, साडूला घेऊन गेला. दुष्काळ माणसं पटकन बाहेर काढतो, पण पाऊस त्यांना तितक्या पटकन परत आणत नाही. आम्ही कोयत्यांनी हे फार जवळून पाहिलं आहे.

त्याच वर्षी शाळेत हंगामी वसतिगृह होणार, अशी बातमी आली. आईबाप तोडणीला गेले तरी मुलांनी गावातच राहायचं, तिथेच जेवायचं आणि शिकायचं. सुजाता तेव्हा सातवीत होती. त्या दिवशी तिने मला स्वतः घासून दिलं आणि मनकर्णाला सांगितलं की औंदा मी तुमच्या संगं येणार नाही.

माणसं मोजायला एक साहेब आले. विहाराच्या ओट्यावर सगळे जमले. बन्सी शेळीसाठी बाभळीचा पाला तोडून तसाच आला होता, म्हणून मीही त्याच्या हातात होतो. साहेबांनी गहिनीनाथ मुकादमाला विचारलं, "इथून किती जातात?"

"पंचेचाळीस," मुकादम म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या तोंडात पंचेचाळीस म्हणजे नव्वद माणसं. साहेबांनी पंचेचाळीस माणसं लिहिली, दोघांमागे एक मूल धरलं आणि बावीस मुलांची सोय मंजूर झाली. मला तोंड असतं तर तिथेच सांगितलं असतं. ओट्यावरच्या माणसांना तर तोंडं होती, पण त्यांना त्यात चुकीचं काही ऐकूच आलं नाही. कोयता असाच मोजतात.

दिवाळीनंतर मुलं जमली तेव्हा दुप्पट निघाली. शाळेचे निवृत्ती गुरुजी तालुक्याला धावले, पण दुरुस्ती पुढच्या हंगामात होईल, असं उत्तर मिळालं. जागा लहानांना आधी दिल्या. यादी म्हाळूपर्यंत यायच्या आतच जागा संपल्या, मग सुजाताचं काय? ती ट्रकमध्ये चढली तेव्हा पुस्तकं तिच्या पिशवीत होती.

फडात माघाच्या सुमाराला मनकर्णा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. पाय सरकला आणि तिची कंबर गेली. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीवर येऊन मुकादमाने तिची चौकशी केली आणि जाताना बन्सीला एवढंच म्हणाला की तुझा कोयता अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सुजाता फडात आली. बन्सी मोळ्या बांधायला वाकला तेव्हा तिने मला उचललं. तासून बारीक केलेली मूठ तिच्या हातात नीट बसली. तेव्हा मला माझ्या मुठीचा फार राग आला.

यंदा दसऱ्यानंतर साहेब पुन्हा आले. गुरुजी बरोबर होते. या वेळी घरोघर जाऊन, एकेक माणूस विचारून मोजणी झाली.

"तोडणीला किती?"

"दोन," बन्सी म्हणाला. "बायको सैपाकापुरती संगं असती."

"आणि मुलं?"

"एक. म्हाळू."

गुरुजी थांबले. "बन्सी, सुजाता?"

बन्सी खाली बघत म्हणाला, "ती कोयत्यात धरलीया, गुरुजी."

सुजाता दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, "गुरुजी, माझं नाव पटावर हाय का अजून?"

"हाय की."

तिने आत आईकडे पाहिलं. मनकर्णा भिंतीला धरून उठत होती.

"मंग राहू द्या तसंच," सुजाता गुरुजींना म्हणाली आणि पाणी आणायला निघून गेली.

यंदाची मोजणी बरोबर झाली, असं सगळे म्हणतात. म्हाळूला जागा मिळाली, त्याचा मला आनंद आहे. उद्या ट्रक येईल. आता सुजाता मला दगडावर घासते आहे आणि माझी धार चांगलीच लागली आहे. आकडे मांडणाऱ्यांनो, आम्हा कोयत्यांना हवं तितकं मोजा, फक्त एक करा. मोजताना ज्या हाताने मला धरलं आहे, त्या हाताला त्याचं वय विचारा. या हाताला चौदावं लागलं आहे.