ओनुकींच्या दरवाजाची खिडकी

रविकांत सरांना पुरतं तोंडघशी पाडायचं, हे मी शांत डोक्याने ठरवलं होतं. रागाच्या भरात केलं असं कुणी म्हणू नये. राग होताच, पण तो लोणच्यासारखा चांगला मुरलेला होता.

सर मूळचे पुण्याचे. तोक्योत जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराचं ऑफिस चालवतात आणि मी त्यांच्याकडे आर्किटेक्ट. कोबेतल्या एका घराचे नकाशे मी काढले, त्याला बक्षीस मिळालं आणि ते घ्यायला सर एकटेच गेले. मला म्हणाले, "यामिनी, तुझं जपानी अजून कच्चं आहे गं." तेव्हापासून मी संधीची वाट बघत होते.

मग तोक्योशेजारच्या चिबातल्या ओनुकी घराण्याच्या इस्टेटीचं काम येऊ घातलं. मुख्य घरापेक्षा माझा जीव जडला तो त्याच्या दरवाजावर. असल्या दरवाजाला इथे 'नागायामोन' म्हणतात. एका लांबलचक छपराखाली मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट, एका अंगाला पहारेकऱ्याची खोली, दुसऱ्या अंगाला भाताचं कोठार. रस्त्याच्या बाजूने खाली काळ्या फळ्या, वर पांढरा गिलावा. मी पूर्ण उन्हाळा माळ्यावर पालथी पडून तुळया मोजल्या. तोक्योत हिगाशी-कसाई भागातल्या घरी आले की लेक माझ्या केसांतली कोळिष्टकं काढत बसायची. सर तिकडे एकदाही फिरकले नाहीत, आणि नकाशांवर नाव मात्र त्यांचं एकट्याचं.

शेवटच्या नकाशात मी एक खिडकी काढली. पहारेकऱ्याच्या खोलीला, रस्त्याच्या बाजूला, जाड लाकडी गजांची. प्रत्यक्षात तिथे कोरी भिंत आहे. पण खोटं पटायला हवं, म्हणून मी जागा विचारपूर्वक निवडली. त्या खोलीत बसलं की रस्ता दिसतच नाही, आणि पहारेकऱ्याला आंधळी खोली कोण देतं?

सादरीकरणाच्या दिवशी सर फोनवर बोलत बोलतच दरवाजातून आत शिरले. आजूबाजूला पाहायची सवयच नाही. ओनुकी-सान म्हणजे घराच्या मालकीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, ताठ. सरांनी नकाशे पसरले आणि म्हणाले, "या दरवाजाचा प्राण म्हणजे ही खिडकी."

मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरेना.

ओनुकी-साननी नकाशा जवळ ओढून घेतला. मग त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"ही खिडकी होती," त्या म्हणाल्या. "आम्ही गावचे पाटील, सामुराई नव्हे. रस्त्यावर पहारा ठेवणारी खिडकी आमच्या दर्जाला शोभत नाही, असं सांगून सामुराईंच्या राजवटीत अधिकाऱ्यांनी ती बुजवायला लावली. त्या अपमानाबद्दल आम्ही बाहेर कधी बोललो नाही. ज्याला ही भिंत वाचता आली, त्याच्याच हाती दरवाजा द्यायचा, असं मी ठरवलं होतं. रविकांत-सान, तुम्ही कसं ओळखलंत?"

माझं हसू जिरलं. माझ्याच खोटेपणाने मी या माणसाला जिंकून देत होते.

पण सरांना उत्तर कुठून सुचणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसरा चेहरा ठेवून मराठीत पुटपुटले, "यामिनी, सांग काहीतरी. काम मिळालं की सगळं तूच बघ."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पहारेकऱ्याची खोली आंधळी नसते, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. तेवढ्यावर दरवाजा मिळाला असता. ती भिंत मी माझ्या हातांनी उघडली असती. आणि पाटीवर पुन्हा सरांचं नाव लागलं असतं.

मी कच्च्या नव्हे, चांगल्या पक्क्या जपानीत म्हणाले, "मला कल्पना नाही. नकाशा रविकांत-सान यांचा आहे. खाली त्यांचंच नाव आहे."

सर म्हणाले, अनुभवावरून. ओनुकी-साननी विचारलं, कोणत्या खोलीत बसून? सरांनी पहारेकऱ्याच्या खोलीऐवजी कोठाराकडे बोट दाखवलं. बाईंनी नकाशाची शांतपणे गुंडाळी केली, दोन्ही हातांनी त्यांना परत दिली आणि वाकून निरोप घेतला.

काम दुसऱ्यांना गेलं. सरांचं नाव त्या वर्तुळात कायमचं खराब झालं आणि माझी नोकरी गेली. आता तिथे भिंत फोडताहेत म्हणे. मला ती बघायला मिळणार नाही, आणि याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी कापलं. दुखतंय. पण अपशकुन मात्र झकास झाला.